ताप नव्हता, कणकण होती

किडनी बदलून आलेला माणूस लिहायला बसला की त्याच्याकडून धीराच्या चार गोष्टींची अपेक्षा असते. त्या मी सांगेन, कारण त्याही खऱ्या आहेत. पण हे लिहायला घेतलं ते एका शब्दामुळं. कणकण. हा शब्द आपण सगळेच रोज वापरतो. मी त्याचा जो वापर केला तो डायलिसिसला जाणाऱ्या दुसऱ्या कुणी करू नये, एवढंच मला सांगायचं आहे. ते सांगायला सगळं पहिल्यापासून सांगावं लागेल.

मी मूळचा बीड जिल्ह्यातल्या कडा गावाकडचा. एका साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत बावीस वर्षं केमिस्ट होतो. हंगाम लागला की दर तासाला रसाचा नमुना टेबलावर यायचा. साखर किती, आम्ल किती, शुद्धता किती, ते काढायचं आणि वहीत लिहायचं. वरचा साहेब कुरकुरला तरी बावीस वर्षांत मी एकही आकडा फिरवला नाही. याचा मला गर्व होता. आता तो कुठं ठेवावा हे कळत नाही.

सूज

पायावर सूज आली ती ऐन हंगामात. बारा-बारा तास उभं राहून आली, असं निदान मीच करून टाकलं. मंदा, म्हणजे माझी बायको, म्हणाली, "अहो, तोंड बी सुजलंय तुमचं. तोंडावर उभे ऱ्हाता का?" मी हसण्यावारी नेलं. डोकं दुखायचं, तर दुखण्याच्या गोळ्या खिशात असायच्याच. दोन वर्षं मी त्या फुटाण्यासारख्या खाल्ल्या.

बीडला रक्त तपासलं त्या दिवशी डॉक्टरांनी क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीनं गाळून टाकायच्या मळाचा, आकडा वाचून दाखवला. मी म्हणालो, "एकदा परत लावून बघा, नमुना बदलला असेल." ते म्हणाले, "नमुना तुमचाच आहे." इतक्या हळू आवाजात म्हणाले की मला पुढं काही विचारता येईना. आयुष्यभर दुसऱ्यांना मी हेच वाक्य ऐकवत आलो होतो.

मंदा रिक्षात रडली नाही. घरी आली, मिठाचा डबा उचलून वरच्या फळीवर ठेवला, आणि मग ओट्याला धरून रडली.

तिनं स्वतःची किडनी द्यायची तयारी केली. कुणाला विचारलं नाही, माहेरी सांगितलं नाही. तपासणीत तिला साखर निघाली. साखरेत जन्म घालवलेल्या माणसाची बायको साखरेमुळं नापास झाली, असा विनोद मी दवाखान्याच्या जिन्यात केला. ती हसली नाही. "तुमाला कशाचं बी हसू येतं," म्हणाली आणि पुढं चालू लागली.

शेजारचा बेड

डायलिसिससाठी आम्ही बीडला भाड्यानं दोन खोल्या घेतल्या. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास. ज्यांना हे नवीन आहे त्यांना सांगतो, सुईचं दुखणं पंधरा दिवसांत अंगवळणी पडतं. पाण्याचं पडत नाही. लघवी बंद झालेली असते, म्हणून दिवसाला मोजून दोन-तीन पेले पाणी, त्यात चहा आला, त्यात आमटी आली. मी पाण्याचा घोट तोंडात घोळवून किती वेळ ठेवता येतो याचे प्रयोग केले. तुम्हीही कराल. बर्फाचा खडा त्यातल्या त्यात बरा.

माझ्या शेजारच्या बेडवर गयाबाई असायच्या. कपिलधारच्या पलीकडं डोंगरात त्यांची वाडी, नवरा-बायको मेंढरं राखायची. वय माझ्यापेक्षा कमी, पण पहिल्याच दिवशी मला म्हणाल्या, "भाऊ, ह्या मशिनीला घाबरू नका. हिचं ऐकलं की ती बी आपलं ऐकती." पाऊसकाळात डोंगरावरून कोसळणारं पाणी त्यांच्या झोपडीत ऐकू यायचं. "म्या कानात बोळे घालून बसते," म्हणायच्या. "पाणी वरडतंय अन् मला वाटीभर." आणि स्वतःच खदखदून हसायच्या. चार तासांचे दोन तास त्यांच्या बोलण्यात निघून जायचे. त्या नसल्या तर ते चार तास सहा व्हायचे.

आमचा दोघांचा रक्तगट एकच. डॉक्टरांनी दोघांचीही नावं संभाजीनगरच्या एकाच इस्पितळात प्रतीक्षायादीत घातली होती. माझं आधी, त्यांचं चार महिन्यांनी. "तुमी म्होरं, मी मागं," त्या म्हणायच्या. "कळपाला म्होरक्या लागतोच की."

यादीत नाव असणं म्हणजे काय, हे कुणी बोलत नाही म्हणून मी बोलतो. कुणाचा तरी जीव जायची वाट बघणं. सणाच्या दिवसांत रस्त्यावर अपघात होतात, तेव्हा फोन जवळ ठेवला जातो. मी ठेवला आहे. चेहरा कोरडा ठेवून मी पेपरातल्या अपघाताच्या बातम्या वाचल्या आहेत.

कणकण

सोमवारी डायलिसिस झालं. मंगळवारी दुपारनंतर अंग मोडून आलं. घसा खवखवत होता, पाठीवरून गार काटा जात होता. मंदानं कपाळाला हात लावला. "अंग कोमट लागतंय. थरमामीटर लावू का?"

"नको," मी म्हणालो. "ताप नाही, नुसती कणकण आहे."

तिनं आलं-तुळशीचा काढा दिला, एक गोळी दिली. बुधवारी डायलिसिसला गेलो तेव्हा बरं वाटत होतं. थर्मामीटर कपाटातच राहिलं.

या गोष्टीचा मी फार विचार केला आहे. थर्मामीटर लावलं असतं तर आकडा आला असता. आकडा आला असता तर मी तो लपवला नसता, इतकी स्वतःबद्दल खात्री मला अजून आहे. पण कणकणीला आकडा नसतो. ती असते आणि नसतेही. कामावर जायचं नसेल तर ती ताप होते, लग्नाला जायचं असेल तर काहीच होत नाही.

गुरुवारी सकाळी आम्ही चहाला बसलो असताना फोन आला. इस्पितळातल्या समन्वयक बाई होत्या. तुमच्या रक्तगटाची एक किडनी मिळण्याची शक्यता आहे, लगेच निघा, काही खाऊ नका. मग त्या ठरलेले प्रश्न विचारू लागल्या. "गेल्या आठवड्यात खोकला, जुलाब, कुठं जखम?"

"नाही."

"ताप?"

"ताप नाही."

मंदा गाळणी हातात धरून उभी होती. तिनं माझ्याकडं बघितलं. मी फोनकडं बघत राहिलो.

गाडीत गेवराई मागं पडल्यावर ती म्हणाली, "परवाचं सांगायचं का त्यान्ला?"

"काय परवाचं?"

"मीच काढा दिलता की तुमाला."

"काढा माणूस उगाच पण पितो. ताप कुठं होता? कणकण होती."

ती खिडकीतून बाहेर बघू लागली. एवढा मोठा विषय आम्ही तेवढ्यात मिटवला. इस्पितळात कपाळासमोर यंत्र धरलं, तापमान नेहमीचं निघालं. वरूनच निकाल लागला, असं मी मनाशी म्हणालो.

तीन तास

वॉर्डबाहेरच्या बाकावर मी कागदांवर सह्या करत बसलो होतो, तेवढ्यात लिफ्टमधून गयाबाई आणि त्यांचे मालक बाहेर आले. हातात भाकरीचं गाठोडं.

"आमाला बी फोन आला, भाऊ," त्या म्हणाल्या. "दुसरा लंबर हाय म्हणं. तुमचं काई आडलं तर माझं."

असं दोघांना बोलावतात. पहिल्याच्या तपासण्यांत काही निघालं तर दुसरा माणूस उपाशीपोटी तयार हवा. हे मला माहीत होतं. तो दुसरा माणूस कोण असेल, याचा विचार मी केलेला नव्हता. सकाळी मी 'ताप नाही' म्हणालो तेव्हा समोर कुणी नव्हतं. आता माझ्या शेजारी, बाकाच्या त्याच फळीवर, गयाबाई टेकून बसल्या होत्या.

ऑपरेशन लगेच झालं असतं तर कदाचित मला विचार करायला वेळ मिळाला नसता. पण वेळ मिळाला, भरपूर मिळाला. एक तरुण डॉक्टरबाई येऊन म्हणाल्या, "काका, किडनी आलीय. पण दाता वयस्कर होता आणि ती बराच वेळ बर्फात होती. नुसतं बघून ती चालेल की नाही सांगता येत नाही. आमच्याकडं नवीन यंत्र आलंय. त्यावर तिला अंगाइतकी ऊब देऊन, रक्त फिरवून बघतो. तीनेक तास लागतील."

बाकीचे घाबरले. मला मात्र ते लगेच कळलं, कारण मला ऊस माहीत होता. तोडलेला ऊस मेलेला नसतो. मूळ तुटलं तरी तो श्वास घेत राहतो, आपलीच साखर आपणच खातो, आणि उसाची गाडी दोन दिवस कारखान्याच्या अड्ड्यावर उभी राहिली की रसात आम्ल चढतं. काढलेल्या किडनीचंही तेच. बर्फात ती फार हळू जगते, पण जगते. प्राणवायू नाही म्हणून अर्धवट जाळते आणि आम्ल साचवत राहते. गरम यंत्रावर तिला रक्त मिळतं, प्राणवायू मिळतो, साखर मिळते. ती जागी झाली तर साचलेलं आम्ल स्वतःच जाळायला लागते आणि थेंब थेंब लघवी गाळते. नाही झाली तर आम्ल वाढतच जातं, आणि मग ती टाकून द्यावी लागते.

मी विचारलं, "सुरुवातीला आम्ल किती आहे? आणि उतरतंय का?"

डॉक्टरबाई बघतच राहिल्या. मी काय काम करतो ते सांगितल्यावर त्या हसल्या. त्यानंतर त्या दर अर्ध्या तासानं बाहेर यायच्या आणि हातातला कागद मला दाखवायच्या. पहिल्या वेळी आम्ल चढं होतं. दुसऱ्या वेळी तेवढंच. तिसऱ्या वेळी जरासं उतरलं. मोबाइलवर त्यांनी फोटोही दाखवला. एका पारदर्शक डब्यात नळ्या जोडलेली, मुठीएवढी. आधी करडी-जांभळी दिसणारी ती गुलाबी होऊ लागली होती.

गयाबाईंनीही मान वाकडी करून फोटो बघितला. "जित्ती हाय का ही?"

"जिवंत आहे. साखर खातेय."

"कुणाच्या अंगात न्हाई अन् जित्ती?" त्यांनी फोटो आणखी जवळून बघितला. मग म्हणाल्या, "मेंढी मेली की तिचं कोकरू आमी चुलीपाशी उबीला ठिवतो. उबीनं तग धरतंय. पर लई येळ न्हाई. दुसऱ्या मेंढीला लावावंच लागतं. अन् समद्याच मेंढ्या घेत न्हाईत, लाथा मारत्यात."

"मग काय करता?"

"आधी मेंढी बघतो. चांगली, धडधाकट बघून तिलाच लावायचं. आजारी मेंढीला लावलं तर कोकरू बी जातं, मेंढी बी जाती."

त्यांनी हे सहज सांगितलं. घशात अजून जराशी खवखव होती, ती मला त्या क्षणी नीट जाणवली. मी थुंकी गिळली.

सांगायचं होतं. खरंच होतं. वाक्यही मनात तयार होतं: 'डॉक्टर, परवा मला कणकण होती.' चार-पाच शब्द. पण त्या चार-पाच शब्दांनी ती गुलाबी किडनी बाकावर एक हात सरकून गयाबाईंकडं गेली असती. आणि मला दोन पेल्यांचं पाणी पुन्हा मोजत बसावं लागलं असतं, कदाचित कायमचं. मला जगायचं होतं. एवढंच कारण आहे, यापेक्षा चांगलं कारण मी शोधून पाहिलं, सापडलं नाही.

तिसरा तास संपत आला तेव्हा डॉक्टरबाई जवळजवळ पळतच आल्या. आम्ल चांगलं खाली आलं होतं, लघवी गळत होती. "काका, तुमच्या भाषेत सांगायचं तर रस गोड आहे," त्या म्हणाल्या. मग फॉर्म उघडून, पेन टेकवून, त्यांनी शेवटचं विचारलं. "ताप, सर्दी, दाताचं दुखणं, काही सांगायचं राहिलंय? लहानसं असलं तरी सांगा."

मंदा माझ्यामागं उभी होती. गयाबाई शेजारी होत्या. वहीतला आकडा कधी न फिरवलेला मी म्हणालो, "नाही."

मला स्ट्रेचरवर घेतलं. मी बघितलं तेव्हा गयाबाईंनी गाठोडं सोडलं होतं आणि भाकरी मोडून मालकांच्या हातात देत होत्या. सकाळपासून त्या उपाशी होत्या. "जावा भाऊ, बिनघोर जावा," भाकरीचा तुकडा हातात धरूनच त्या म्हणाल्या. "बरं झालं सुटले मी. भूक लई लागलती." संध्याकाळच्या गाडीनं ती दोघं परत गेली. दुसऱ्या दिवशी त्यांचं डायलिसिस होतं.

चौथा दिवस

शुद्धीवर आलो तेव्हा पोटाच्या उजव्या बाजूला टाके होते आणि पलंगाला लावलेल्या पिशवीत लघवी उतरत होती. तुम्ही या आजारातले नसाल तर हे वाक्य वाचून नाक मुरडाल. असाल तर तुम्हाला कळेल. मंदा दर तासाला मापावर बघून वहीत आकडा लिहायची. रेघा मारून, रकाने पाडून, अगदी माझ्या प्रयोगशाळेसारखी वही तिनं केली होती. मला पाणी प्यायला सांगत होते, आणि मी पाणी प्यालो, पेल्यामागून पेला. ते सुख मी लपवणार नाही.

दात्याबद्दल आम्हाला एवढंच कळलं की साठीच्या पुढचं कुणीतरी होतं. मंदानं त्या माणसाचं दहा दिवस सुतक धरलं. देवाला दिवा लावला नाही, गोड तोंडात घातलं नाही. "त्यांच्या रक्ताचं घरात आलंय," म्हणाली. पण तिच्या मनात आणखी काही होतं, ते चौथ्या दिवशी बाहेर पडलं.

चौथ्या दिवशी मला हुडहुडी भरली. या वेळी थर्मामीटर लागलं आणि आकडाही आला. किडनी नवीन असली की शरीरानं तिला हाकलू नये म्हणून आपली प्रतिकारशक्ती औषधांनी मुद्दाम दाबलेली असते. आत जो काही जंतू दबा धरून असेल त्याला रान मोकळं मिळतं. मला वेगळ्या खोलीत हलवलं. पिशवीतली लघवी निम्मी झाली. क्रिएटिनिन, जे उतरत होतं, ते थांबलं आणि चढू लागलं.

डॉक्टरबाईंनी विचारलं, "आधी काही त्रास होता का? ऑपरेशनच्या आधी?"

मी तोंड उघडायच्या आत मंदा बोलली. "मंगळवारी कणकण होती त्यांना. मी काढा दिलता. गाडीत म्हणले मी सांगू, तर नगं म्हणले." आणि भिंतीला टेकून ती ओक्साबोक्शी रडायला लागली. "मी बी गप बसले, डॉक्टर. मला बी पाहिजे व्हती ती. मला माझं माणूस पाहिजे व्हतं."

डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. फाइलवर काहीतरी लिहून म्हणाल्या, "सांगितलं असतं तर आम्ही आणखी तपासण्या केल्या असत्या. कदाचित तरीही तुम्हालाच दिली असती. कदाचित दुसऱ्या पेशंटला दिली असती. आता ते सांगता येणार नाही."

त्या गेल्यावर मी मंदावर ओरडलो. अंगात ताप, पोटाला टाके, आणि मी ओरडतोय, "तोंड बंद ठेवायला काय झालं होतं?" लग्नाला चोवीस वर्षं झाली, एवढं घाण मी तिच्याशी कधी बोललो नव्हतो. तिनं वही घेतली, माप बघितलं, आकडा लिहिला. मग शांतपणे म्हणाली, "ही जर गेली ना, तर दोघांची गेली. तुमची बी अन् गयाबाईंची बी."

नऊ दिवस तेच वाक्य माझ्या डोक्यात होतं. दुसऱ्याच्या ताटातलं ओढून घेतलं आणि ते सांडतही होतो. त्या नऊ दिवसांत मी मरणाला भ्यालो नाही. किडनी वाया जाईल याला भ्यालो, आणि ती वाया गेल्याचं गयाबाईंना कोण सांगेल याला.

ती वाया गेली नाही. दहाव्या दिवशी आकडा चढायचा थांबला, बाराव्या दिवशी उतरला. पहाटेची पाळी करणाऱ्या नर्सनं पिशवी माझ्यापुढं धरून दाखवली. महिन्यानं मी बीडला परत आलो.

जे इतरांच्या कामाचं आहे

मास्क लावा, बाहेरचं खाऊ नका, गोळ्यांच्या वेळा घड्याळावर लावा. बायकोवर ओरडला असाल तर त्याच दिवशी माफी मागा, मला तीन आठवडे लागले. फोन आला आणि कुणी तापाचं विचारलं, तर कणकण, अंगदुखी, कसंतरी होणं, घशात खरखर, सगळं सांगा. तो माणूस ठरवेल काय धरायचं आणि काय सोडायचं. ते आपण ठरवायचं नाही. गरम यंत्रावर किडनी तीन तास तग धरू शकते, खरं बोलायला तेवढा वेळ पुरतो. मला पुरला असता.

स्टँडवर

सहा महिने मी गयाबाईंना भेटलो नाही. गर्दीत जायचं नाही, डायलिसिसच्या वॉर्डात तर मुळीच नाही, असं डॉक्टरांनी सांगितलेलं होतं. ते कारण माझ्या फार उपयोगी पडलं. फोनवर त्या विचारायच्या, "काय म्हणतीया आपली?" किडनीबद्दल विचारायच्या. मी म्हणायचो, "बरी आहे." आणि रेंजचं काहीतरी सांगून फोन ठेवायचो.

शेवटी एका बुधवारी दुपारी, त्यांचं डायलिसिस सुटायच्या वेळी, मी बीडच्या एसटी स्टँडवर जाऊन थांबलो. मंदाला सांगून गेलो होतो. ती म्हणाली, "जाऊन या. पर तुमाला बरं वाटावं म्हणून जाणार असाल तर जाऊ नका." मी तरी गेलो.

गयाबाई आल्या, एकट्याच. हातावर पट्टी, चेहरा उतरलेला, आधीपेक्षा बारीक. मला बघून हसल्या. पिशवीतली पाण्याची बाटली मी आत ढकलली. मला दर थोड्या वेळानं पाणी प्यावं लागतं, पण त्यांच्यासमोर ते होईना. आम्ही बाकावर बसलो आणि मी सगळं सांगितलं. मंगळवार, काढा, फोन, गाडी, बाकावरचे तीन तास, शेवटचं 'नाही'. काही वगळलं नाही.

समोर परळीची गाडी लागली, भरली, गेली.

"हे मला कावून सांगितलं?" त्यांनी विचारलं.

"मनावर ओझं होतं, गयाबाई."

"तुमचं उतरलं. मी आता हे घरी घिऊन जाऊ व्हय? मालकाला सांगू का नगं? सांगितलं तर ते तुमच्या नावानं बोटं मोडतील. न्हाई सांगितलं तर माझ्या छातीवर बसंल."

"डॉक्टर म्हणाल्या, कदाचित तरी मलाच—"

"कदाचित नगं मला," त्या पहिल्यांदाच माझ्यावर खेकसल्या. "लई कदाचित ऐकलेत म्या."

मी खाली बघत बसलो. माफी मागायला आलो होतो, ती मागितली. त्यांनी ती घेतली नाही, नाकारलीही नाही. त्यांच्या गाडीला अजून वेळ होता. आणि तेवढ्यात मला लघवी लागली. नवी किडनी कुणाचं ऐकत नाही, लागली म्हणजे लागते. पण त्या बाईसमोरून, त्या क्षणी, त्यासाठी उठायचं? मी पाय जवळ घेतले. घाम फुटला. बाकाची कड धरून बसलो.

गयाबाई माझ्या गुडघ्याकडं बघत होत्या.

"लागली का?"

मी मान हलवली.

"कशी लागती हो?" त्यांनी विचारलं. त्यात टोमणा नव्हता, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. "मला तीन वर्सं झाली. आता याद बी येत न्हाई."

डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि मी मास्क वर ओढला.

"रडता काय? जावा की, ती काय तिकडं हाय मुतारी," त्या म्हणाल्या आणि माझी पिशवी उचलून आपल्या मांडीवर घेतली. "दाबून धरू नका. खराब कराल तिला. तीन घंटे तर ती माझी बी व्हती."

मी उठलो आणि गेलो.